‘किस्के नाही तर हेलोवीन नाही’ म्हणणाऱ्या खान्देशी मेटलवाल्यांना खुलं पत्र

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार इथल्या, आणि पुण्याला स्थायिक होऊन फक्त दिवाळीत घरी गिटार काढणाऱ्या तमाम मेटलवाल्यांना,

स. न. वि. वि.

मंडळी, आपण सगळे मिळून मंगल कार्यालयाच्या दोन पंगतीही भरणार नाही, इतके थोडे आहोत. त्यात पुन्हा दोन तट. एक तट म्हणतो, हेलोवीन या जर्मन हेवी मेटल बँडच्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या अल्बमचे दोन भाग झाले आणि बँड तिथेच संपला, पुढचं सगळं नावावर खाणं. दुसरा तट सगळं ऐकतो, पण पहिल्याचा आवाज मोठा म्हणून गप्प बसतो. मी दुसऱ्या तटातला. हे पत्र पहिल्या तटाला.

तुमचं म्हणणं मी इतकी वर्षं ऐकत आलो आहे की ते पाठ झालं आहे. गायक मायकल किस्के गेला, गिटारवाला काई हान्सेन गेला, ड्रमर इंगो गेला, मग उरलं काय? आणि २०२१ मध्ये किस्के नि हान्सेन दोघंही परत येऊन नवा अल्बम निघाला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता तिघं गातात, ही काय भजनी मंडळी आहे का? म्हणजे गेले तरी पंचाईत, आले तरी पंचाईत.

आधी ‘मूळ लाइनअप’, म्हणजे बँडमधली मूळ माणसं, या तुमच्या हुकमाच्या एक्क्याकडे बघू. १९८४ साली हांबुर्गमध्ये बँड उभा राहिला तेव्हा गायला होता काई हान्सेन. गिटारही त्याच्याच गळ्यात. दुसऱ्या गिटारवर मायकल वायकाथ, बेसवर मार्कुस ग्रोसकॉप्फ, ड्रमवर इंगो श्विख्टेनबर्ग. १९८५ चा ‘वॉल्स ऑफ जेरिको’ हा अल्बम या चौघांचा. हान्सेनचा आवाज चिरका, कच्चा, पण त्या गाण्यांना शोभणारा. त्या वेगानं गिटार वाजवायची आणि त्याच वेळी गायचं, हे त्याला जड जाऊ लागलं, म्हणून गायक शोधला. सापडला तो १८ वर्षांचा किस्के. त्याला घेऊन १९८७ मध्ये ‘कीपर’चा पहिला भाग आला, १९८८ मध्ये दुसरा.

तेव्हा तुम्ही ज्या लाइनअपच्या शपथा घेता, ती दुसरी लाइनअप आहे. त्या काळी हांबुर्गमध्ये तुमच्या विचाराची चार माणसं जोरात असती, तर ‘हान्सेन गात नाही, मग कसलं हेलोवीन’ म्हणून त्यांनी त्या पोराला दारातूनच परत पाठवलं असतं आणि ‘ईगल फ्लाय फ्री’ आपल्या कानावर कधी पडलंच नसतं.

आता पुढचं. दुसऱ्या भागात ‘आय वाँट आउट’ आहे, ते हान्सेननं लिहिलं, आणि १९८९ मध्ये तो खरोखरच बाहेर पडला. (नाव वाचून लोक अजून हसतात. मीही हसतो.) त्याच्या जागी रोलंड ग्रापोव्ह आला. बाकी चौघं तेच. किस्के तोच, वायकाथ तोच, ग्रोसकॉप्फ तोच, इंगो तोच. पाचातले चार तुमचे लाडके. त्यांनी १९९१ मध्ये ‘पिंक बबल्स गो एप’ काढला आणि १९९३ मध्ये ‘कमेलिअन’. विचारतो आता, तुमच्यातल्या कितीजणांच्या मोबाइलमध्ये ‘कमेलिअन’ आहे? किस्के तर त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत गातो, आणि सुरेख गातो. मग का नाही ऐकत? कारण गाणी तुम्हाला रुचली नाहीत. रुचली नाहीत ते ठीकच, मलाही त्यातली मोजकीच आवडतात. पण मग माणसं तीच असूनही अल्बम पडू शकतो, एवढं तरी मान्य करा. आणि तेवढं मान्य केलंत की माणसं बदलूनही अल्बम उभा राहू शकतो, हे मान्य करायला फारसं काही शिल्लक राहत नाही.

इंगोबद्दल मात्र जरा जपून बोलत जा. तुम्ही त्याचं नाव ‘गेले’ यादीत हान्सेन आणि किस्केच्या ओळीत टाकता. तो मतभेद होऊन गेला नव्हता. त्याला स्किझोफ्रेनिया होता, आजार आणि व्यसन दोन्ही वाढत गेलं, १९९३ मध्ये त्याला बँड सोडावा लागला, आणि ८ मार्च १९९५ रोजी हांबुर्गमध्ये त्यानं रेल्वेखाली जीव दिला. वय २९. पुढच्या वर्षीचा ‘द टाइम ऑफ द ओथ’ बँडनं त्याला अर्पण केला. हान्सेननं ‘गामा रे’ या आपल्या नव्या बँडच्या १९९५ च्या अल्बममध्ये त्याच्यासाठी गाणं ठेवलं. एकमेकांशी धड बोलत नव्हते त्या काळात ही माणसं निदान या एका जागी एकत्र होती. त्याच्या मरणाचा उपयोग आपण ‘बघा, तेव्हापासून बँड गेला’ असं म्हणायला करू नये, एवढंच.

किस्केही १९९३ मध्येच गेला. १९९४ मध्ये अँडी डेरिस आला. ‘पिंक क्रीम ६९’ या बँडमधला, जाडसर, खरखरीत आवाजाचा. किस्केच्या उंचीचा सूर त्याच्याकडे नव्हता, आणि त्यानं तसा आवही आणला नाही. त्यानं गाणी लिहायला घेतली. हेलोवीनचं पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, आणि आपल्या वादात नेमकी तीच येत नाही. उली कुश ड्रमवर आला, तोही गाणी लिहिणारा. त्याच वर्षी ‘मास्टर ऑफ द रिंग्ज’ आला, मग ‘टाइम ऑफ द ओथ’, मग १९९८ मध्ये ‘बेटर दॅन रॉ’, आणि २००० मध्ये ‘द डार्क राइड’.

‘डार्क राइड’वर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते ‘कीपर’च्या दुसऱ्या भागानंतरचा हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम, आणि आपल्यात तो सर्वांत कमी ऐकलेला. गिटार खालच्या सुरात लावलेल्या, रंग काळपट, बँडच्या चिन्हातल्या भोपळ्याचा नेहमीचा थट्टेखोरपणा जवळपास नाहीच. सुरुवातीचं ‘मिस्टर टॉर्चर’ कुशनं लिहिलेलं. शेवटचं, अल्बमच्या नावाचं लांबलचक गाणं ग्रापोव्हचं. मधलं ‘इफ आय कुड फ्लाय’ डेरिसचं: पियानोचे मोजके सूर पुन्हा पुन्हा येत राहतात, त्याखाली गिटारची भिंत, आणि वर तो खरखरीत आवाज. हे गाणं किस्केनं गायलं असतं तर ते गोड झालं असतं, आणि मग ते गाणंच राहिलं नसतं. पुढच्या वर्षी ग्रापोव्ह आणि कुश दोघंही बाहेर गेले आणि त्यांनी ‘मास्टरप्लॅन’ काढला. हान्सेन गेला तर ‘गामा रे’ झाला, हे दोघं गेले तर ‘मास्टरप्लॅन’. एका फुटीतून आपल्याला ऐकायला दरवेळी एक बँड जास्त मिळाला, आणि आपण इथे सुतक पाळत बसलो.

राहता राहिला प्रश्न नावाचा. माणसं बदलली तर नाव तेच ठेवायचा हक्क कुणाला? वायकाथ आणि ग्रोसकॉप्फ १९८४ पासून एकदाही हललेले नाहीत, हे झालं कागदावरचं उत्तर. पण खान्देशातल्या माणसानं हा प्रश्न विचारावा याचंच मला नवल वाटतं. लग्नाचा बँड ठरवायला आपण जातो तेव्हा गाडीवर रंगवलेलं नाव बहुतेक मालकाच्या वडिलांच्या काळातलं असतं. ट्रम्पेटवाला गेल्या सीझनला दुसऱ्या पार्टीत असतो, कॅसिओवाला यंदाच आलेला, गाणारा तर दर लग्नसराईला नवा. आपण इसार देण्याआधी ‘गाणारा कोण?’ एवढं विचारतो, एखादं अहिराणी गाणं ऐकून बघतो, पटलं तर सुपारी देतो आणि वरातीत घाम गळेपर्यंत नाचतो. नवरदेवाचा मामा गाडी अडवून ‘आधी तो जुना क्लॅरिनेटवाला आणा, मग पुढे सरकू’ म्हणाला, असं निदान मी तरी पाहिलं नाही. गल्लीतल्या बँडला आपण जेवढी मोकळीक देतो, तेवढी हांबुर्गच्या बँडला द्यायला काय हरकत आहे?

आता २०२१ च्या अल्बमकडे. २०१६ मध्ये जाहीर झालं की किस्के आणि हान्सेन परत येणार, पण डेरिस जाणार नाही. कुणाला काढून कुणाला घेतलं नाही. दौरा झाला आणि त्यानंतर १८ जून २०२१ रोजी नुसतं ‘हेलोवीन’ एवढ्याच नावाचा अल्बम आला. माणसं सात: किस्के, डेरिस, हान्सेन, वायकाथ, ग्रोसकॉप्फ, २००२ पासून असलेला गिटारवाला साशा गर्स्टनर, आणि २००५ पासूनचा ड्रमर डानी ल्योब्ले. जर्मनीच्या अल्बमविक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला, ३७ वर्षांच्या बँडला हे तोवर जमलं नव्हतं.

याच अल्बमवरून गेल्या हिवाळ्यात भरीत पार्टीला जे झालं ते तिथे असलेल्यांना आठवत असेल. शेतात तुरकाठ्यांवर वांगी भाजून झाली होती, दोघंजण ती बडगीत घालून मुसळीनं ठेचत होते, आणि स्पीकरवर ‘स्कायफॉल’ लावलं होतं. बारा मिनिटांचं गाणं. मध्येच एक चिरका आवाज आला, तसा आमच्यातला एक ज्येष्ठ कीपरभक्त हातातली मिरची खाली ठेवून म्हणाला, “बघा भो, लावली ना डेरिसनं वाट.” तो आवाज हान्सेनचा होता. १९८४ चा, पहिला, अस्सल, मूळ लाइनअपचा. ते गाणंही हान्सेननंच लिहिलेलं. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण भरीत त्याच्या मळ्यातलं होतं. आता लिहून टाकतो.

अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मधली दोनचार गाणी सैल आहेत, ‘मास पोल्यूशन’ तर मला दर वेळी पुढे ढकलावंसं वाटतं. तीन गायकांना जागा द्यायची म्हणून काही ठिकाणी ओळी वाटून दिल्यासारख्या वाटतात. पण पहिलंच ‘आउट फॉर द ग्लोरी’ वायकाथनं किस्केच्या गळ्याचा अंदाज घेऊन लिहिलेलं आहे, ‘फिअर ऑफ द फॉलन’ डेरिसचं आणि त्यात दोघांचे आवाज एकमेकांच्या अंगावर न जाता शेजारी शेजारी चालतात. गर्स्टनरचं ‘एंजल्स’ ऐका. वीस वर्षं एका जागी उभं राहून वाजवणारा हा माणूस, आपल्या वादात त्याचं नावही निघत नाही.

आणि ड्रमबद्दल. ल्योब्लेनं हा अल्बम इंगोच्या जुन्या ड्रमसेटवर वाजवला आहे. त्याआधीच्या दौऱ्यात तर पडद्यावर इंगोचं जुनं चित्रण आणि समोर ल्योब्ले, अशी दोघांची जुगलबंदी रोज व्हायची. जागेवर नंतर आलेला माणूस आधीच्याला कसा मान देतो, हे यात दिसतं. आणि ही युक्ती नेमकी त्या लोकांनी काढली ज्यांना तुम्ही ‘नावावर खाणारे’ म्हणता.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. ‘सगळे एकत्र’ म्हणून गाजावाजा झाला त्यात ग्रापोव्ह नव्हता, कुश नव्हता. ग्रापोव्ह बारा वर्षं त्या बँडमध्ये होता, म्हणजे हान्सेनच्या पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त. जुन्या माणसांचा एवढा कळवळा असणाऱ्या तुमच्यातल्या एकानं तरी ‘ग्रापोव्ह कुठे आहे?’ असं विचारलं का? नाही विचारलं. तुम्हाला जुनी माणसं नको आहेत, तुम्हाला १९८८ साल हवं आहे.

हे सगळं नुसतं ऐकण्यापुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. ज्याला जे आवडेल ते त्यानं ऐकावं. पण या हट्टानं आपल्याकडे एक बँड मोडला. बंद पडलेल्या ऑइल मिलच्या माळ्यावर त्यांची तालीम चालायची. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला जुनी गोधडी, वर पत्रा, त्यामुळे एप्रिल लागला की सूर्य बुडेपर्यंत वर पाय ठेवायची सोय नाही. गायकाला पुण्यात नोकरी लागली, महाराष्ट्र एक्सप्रेसनं तो गेला. त्याच्या जागी यावलकडच्या एका पोराला ऐकून बघायला बोलावलं, तेव्हा मी कोपऱ्यात बसून होतो. त्यानं ‘कीपर’मधलं ‘फ्यूचर वर्ल्ड’ धरलं. कडवी छान गेली. ध्रुवपदाला वरचा सूर लागेना, तसा तो न गडबडता खालच्या सप्तकात उतरला आणि गाणं पुढे घेऊन गेला. सुरात होता. ड्रमरनं मान हलवून ‘चालेल’ अशी खूणही केली. पण गिटारवाल्यानं तारांवर पंजा ठेवला, ॲम्पचं बटण खट्कन बंद केलं आणि म्हणाला, “राहू दे भो, हा काही किस्के नाही.” पोरानं माइक स्टँडला अडकवला, वायरीचं नीट वेटोळं करून खाली ठेवलं, “येतो दादा” म्हणाला आणि जिना उतरला. नंतर कुणीच आलं नाही, आणि पावसाळ्याच्या आत ड्रमसेट विकला गेला.

हा किस्के नाही, हे कबूल. खुद्द हेलोवीनकडेही तेवीस वर्षं किस्के नव्हता.

आपल्या भागात तर लाइनअप टिकणं शक्यच नाही. कॉलेज संपलं की पोरं पुणे, नाशिक, सुरत धरतात. ज्याचं घर केळीवर चालतं तो सुद्धा धाकट्याला बाहेर धाडतो. दर जूनला एक जण कमी होणार हे धरूनच इथे बँड काढावा लागेल. ‘हेच पाच, नाहीतर कोणी नाही’ हा नियम लावला, तर खान्देशात कधीही कुणीही दोन वर्षांपेक्षा जास्त वाजवू शकणार नाही, आणि आपण स्पीकरला कान लावून १९८८ सालावर भांडत राहू.

म्हणून माझं मागणं असं आहे. पुन्हा बँड उभा करा, आणि गाणाऱ्याच्या पट्टीत गाणी बसवा. गिटार एक पूर्ण सूर खाली लावा, ‘डार्क राइड’ला त्यांनीही खालीच लावल्या होत्या. सुरुवातीला ‘इफ आय कुड फ्लाय’ घ्या. त्यातले पियानोचे सूर लग्नाच्या गाडीवरचा कुठलाही कॅसिओवाला एका संध्याकाळी बसवून देईल, आणि ही पोरं आषाढी एकादशीनंतर गणपतीपर्यंत बऱ्यापैकी मोकळी असतात. ड्रमसाठीही तिथेच बघा. भर मे महिन्यात ४५ अंशांत चार-चार तास ऑक्टोपॅड बडवणाऱ्या पोराचं मनगट आपल्यातल्या कुणापेक्षाही पक्कं असतं. डबल पेडलला पाय बसायला त्याला वेळ लागेल, तो द्या. पहिल्याच तालमीला त्याच्यासमोर ‘ईगल फ्लाय फ्री’ ठेवू नका, तो पळून जाईल. ‘पॉवर’ ठेवा.

यावलच्या पोराशी मी बोललो आहे. तो नाही म्हणाला नाही, पण हो सुद्धा म्हणाला नाही. त्याला फोन गिटारवाल्यानं करावा, मी किंवा ड्रमरनं नव्हे. काय बोलायचं ते गिटारवाल्याला कळतंच.

आणि ज्यांना यातलं काहीच पटलं नाही त्यांनी ‘डार्क राइड’ एकदा सलग ऐकून यावं, मग खुशाल भांडावं. यंदाचं भरीत माझ्याकडे आहे, त्यामुळे मी गप्प बसणार नाही.

कळावे,
भुसावळचा एक ऐकणारा

ता. क. गिटार खाली लावायची तर तारा जाड लागतील, नाहीतर त्या ढिल्या पडून खडखड करतात. इकडे दुकानात मिळाल्या नाहीत तर पुण्याहून येणाऱ्या कुणालाही सांगा. दर शुक्रवारी रात्री कोणी ना कोणी गाडीत असतोच.